पत्र्याला सुटणारा घाम

ब्लँकेट विकणाऱ्या बाईला थंडी वाजते म्हटलं की गिऱ्हाईक हसतं. हसू द्यावं. आमचं दुकान म्हणजे गाडी आणि गाडी म्हणजे पत्रा. पानिपतची ब्लँकेटं, सोलापुरी चादरी, लुधियानाचे स्वेटर यांच्या गठ्ठ्यांना पाठ टेकून पौषातल्या रात्री काढताना त्या मालाचा मला फारसा उपयोग झालेला नाही. एक तर विकायचा माल अंगावर घ्यायचा नसतो. घडी मोडली की भाव मोडतो. आणि दुसरं, ब्लँकेट स्वतः गरम नसतं. ते आपल्याच अंगाची ऊब अडवून धरतं. अंगाखालून, डोक्यावरून, दाराच्या फटीतून ती ऊब निघून चालली असेल तर वर चार ब्लँकेटं घ्या नाहीतर सहा, पहाटे दात वाजायचे ते वाजतातच.

आम्ही किनवटचे. पैनगंगेच्या काठचं तालुक्याचं गाव, भोवती सागाचं जंगल, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आणि पूर्वेला आदिलाबाद. मराठवाडा म्हटलं की लोकांना ऊन आणि दुष्काळच आठवतो. आमच्याकडची थंडी सांगून पटत नाही. पण समुद्र इथून फार लांब. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, हवा कोरडी. सूर्य बुडाला की जमिनीने दिवसभर साठवलेली ऊब सरळ वर निघून जाते. दुपारी सावली शोधणारा माणूस रात्री शेकोटी शोधतो. लाट आली की आदिलाबादच्या जंगलपट्ट्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. हिमालयातल्या माणसाला हे काहीच वाटणार नाही. पण तिकडची घरं थंडी धरून बांधलेली असतात. आमची घरं उन्हाळा धरून बांधलेली, आणि गाडी तर काहीच धरून बांधलेली नव्हती.

वर्षभर आम्ही आठवडी बाजार करायचो. बोधडी, इस्लापूर, मांडवी, सारखणी, वाई बाजार. संध्याकाळी माल आवरायचा आणि रात्री घरी यायचं. मुक्कामाची वेळ यायची ती जत्रांमध्ये. मार्गशीर्ष पौर्णिमेला माहूरची दत्तजयंती, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा, आणि पौष अमावास्येला आदिलाबादकडे इंद्रवेल्लीजवळ केसलापूरची नागोबाची जत्रा. तिन्ही ऐन थंडीतल्या. ब्लँकेटवाल्याची वर्षाची कमाई या दोन महिन्यांत होते किंवा होत नाही. जत्रेत राहायला खोली मिळत नाही, मिळाली तरी माल सोडून जाता येत नाही. मग गाडीतच झोपायचं. मालक पुढच्या बाजूला, मी मागे गठ्ठ्यांच्या कुशीत.

गाडी मॅटाडोर होती. ती बनवायची बजाज टेम्पो, 1958 साली सुरू झालेली आकुर्डीची कंपनी. पुढे 2005 मध्ये तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. मॅटाडोरची चाकं पुढून ओढायची, त्यामुळे मागे खालून दांडा जात नसे आणि फळी जमिनीपासून अगदी कमी उंचीवर असे. माल चढवायला बाईमाणसालाही सोपी. इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधल्या पेटीत. उन्हाळ्यात ती पेटी म्हणजे शिक्षा. हिवाळ्यात मात्र किनवटहून निघून जत्रेच्या गावी पोचेपर्यंत तिच्यावर पाय ठेवून बसावं, यासारखं सुख नव्हतं. आम्ही ती नव्वदच्या दशकात नांदेडहून जुनी घेतली. आमच्याआधी ती पावाचे ट्रे वाहायची. पहिला हिवाळाभर तिच्यात खमिराचा वास येत होता, आणि माहूरला एका गिऱ्हाइकाने चादर हुंगून ती परत दिली.

लोखंडाच्या पत्र्यात झोपणं हा प्रकार ज्याने केला नाही त्याला सांगणं अवघड आहे. मातीच्या भिंतीला टेकलं तर भिंत थोड्या वेळाने आपल्याशी जुळवून घेते. पत्रा घेत नाही. तुम्ही द्याल तेवढी ऊब तो बाहेर टाकतो. कूस बदलताना कोपर लागलं तरी जाग येते. बाहेरच्या हवेपेक्षाही गाडीचं छत जास्त गार होतं, कारण ते रात्रभर उघड्या आभाळाकडे तोंड करून असतं. सकाळी शेतात पारा दाखवतो त्याहून जास्त थंडी दवाने भिजलेल्या टपावर असते, हे हात लावून पाहिलं तर कळतं.

पण थंडी सोसता येते. आम्हाला धंद्यात फटका दिला तो पाण्याने. एका माळेगावहून परत आल्यावर गठ्ठे उतरवले तर पत्र्याला टेकलेल्या बाजूची ब्लँकेटं ओली. पाऊस नव्हता, पाणी सांडलं नव्हतं. वरच्या छतालाही पहाटे थेंब धरायचे आणि गाडी हलली की तोंडावर पडायचे. त्यातल्या काही ब्लँकेटांना पुढे कुबट वास लागला. ती पडत्या भावात काढावी लागली. मालकांना वाटलं टप गळतोय. त्यांनी डांबर लावलं, एम-सील लावलं, वरून ताडपत्री घट्ट बांधली. ताडपत्रीने तर गाडी आणखीच घामेजली.

नांदेडला ट्रकच्या बॉडीचं काम करणारे एक मिस्त्री होते. त्यांनी टपाकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, “भाभी, रात्री खिडकी उघडी ठेवायल्या का नाही?” मी म्हटलं, एवढ्या थंडीत खिडकी कोण उघडी ठेवेल? तर म्हणाले, “मग पाणी जायचं कुठून? तुमच्याच तोंडातून निघालेलं पाणी हाये हे.”

झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. आम्ही दोघं, म्हणजे दोन पेले. त्यात संध्याकाळी धुऊन आत वाळत टाकलेला टॉवेल, स्टोव्हवर केलेला चहा, डब्यातल्या गरम भाताची वाफ. बंद गाडीत हे सगळं गार पत्र्यावर जाऊन बसतं. शिवाय हवा दमट झाली की गोधडी दमट होते, आणि दमट गोधडी अंगाची ऊब अडवत नाही, ओढून घेते. कापसाचं तर विचारूच नका. कापूस ओल धरतो आणि सोडायला तयार नसतो. आपण थंडीला घाबरून खिडक्या लावत होतो आणि त्यामुळेच जास्त गारठत होतो, हे मिस्त्रींच्या त्या एका वाक्यानंतर माझ्या डोक्यात बसलं. त्या हिवाळ्यापासून केबिनची एक खिडकी आणि मागच्या दाराजवळची वरची झडप दोन-दोन बोटं उघडी राहू लागली. समोरासमोर नव्हे, तिरकी. म्हणजे हवा फिरते पण अंगावर वारा येत नाही. मालक पहिल्या रात्री दोनदा उठून खिडकी लावायला गेले. सकाळी छत कोरडं दिसल्यावर गप्प बसले.

मग त्याच मिस्त्रींकडून गाडी आतून करून घेतली. आधी गंज खरवडला, रेड ऑक्साइड मारलं. छताच्या आणि बाजूच्या पत्र्याला आतून ज्या लोखंडी कमानी असतात, त्यांच्या मधल्या जागेत थर्मोकोलचे तुकडे कापून बसवले आणि वरून पातळ प्लायवूड ठोकलं. मिस्त्री म्हणत, थर्मोकोल काही करत नाही, त्याच्यात कोंडलेली हवा करते. हवा हलली नाही की तिच्यातून ऊब पळत नाही. गोधडीत तेच, मेंढीच्या लोकरीत तेच, कडब्याच्या पेंढीत तेच. फक्त कमानी उघड्या राहिल्या. पुढच्या थंडीत प्लायवूडवर बरोबर कमानींच्या रेषेत ओलाव्याचे पट्टे उमटले. ऊब नेमकी कुठून निसटते आहे त्याचा नकाशाच छतावर काढून मिळाला. त्या रेषांवर आम्ही जुन्या घोंगडीच्या पट्ट्या चिकटवल्या. दिसायला ती गाडी आता गाडीसारखी राहिली नव्हती, पण झोपायला माणसाची झाली होती.

खर्चाचं सांगायचं तर प्लायवूडलाच काय ते पैसे लागले. बाकी सगळं टाकाऊ होतं. दाराच्या रबराला भेगा होत्या तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. फटी शोधायची युक्तीही मिस्त्रींचीच: अंधार पडल्यावर आत दिवा लावायचा, दारं बंद करायची आणि बाहेरून गाडीभोवती फिरायचं. जिथून उजेड दिसेल तिथून वारा येणार. आमच्या गाडीतून पहिल्यांदा इतक्या ठिकाणांहून उजेड आला की शेजारची पोरं बघायला जमली. पुढच्या काचेसाठी ब्लँकेटच्या खोक्यांचा पुठ्ठा मापात कापून ठेवला. काच पत्र्याइतकीच बेइमान. रात्री ती झाकली नाही तर केबिनमध्ये झोपणाऱ्याचं डोकं बर्फ होतं. केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये घोंगडी टांगली. जितकी जागा लहान, तितकी ती दोन माणसांच्या अंगाने लवकर ऊबदार होते.

तिन्ही जत्रांची थंडी वेगवेगळी, हे समजायला मात्र बरेच हिवाळे गेले. माहूर डोंगरावर. रेणुकेचा गड, दत्तशिखर, अनुसया. दत्तजयंतीला रात्रभर माणसांची ये-जा. तिथला शत्रू वारा. गाडीचं तोंड कुठे करायचं हा तिथला सगळ्यात मोठा प्रश्न. मागची दारं वाऱ्याकडे आली तर रात्र गेली म्हणून समजा. उत्तरेकडून येणारा वारा गाडीच्या नाकावर घ्यायचा, नाकाला पुठ्ठा लावलेलाच असतो. माळेगाव उघडं माळरान. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे तंबू, धूळ. तिथे वारा पडला की वरचं आभाळ ऊब ओढून नेतं. एखादं बाभळीचं, लिंबाचं झाड मिळालं तर त्याच्याखाली गाडी लावायची, कारण झाडाखाली दव पडत नाही आणि छत कमी गारठतं. हे घोडेवाल्यांना आधीपासून ठाऊक. त्यांच्या जनावरांसाठी झाडांच्या जागा पहिल्या दिवशीच गेलेल्या असायच्या आणि आम्ही दिवस असता पोचलो तरच काही मिळायचं. घोड्याला झूल आणि झाड दोन्ही, आणि आम्हाला माळरान, असं बरेचदा झालं.

केसलापूरची थंडी सगळ्यात खोल. मेसराम कुळातले गोंड लोक गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात आणि त्या पाण्याने नागोबाचा अभिषेक होतो. पूजा अमावास्येच्या रात्री. मेसराम घरात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवतात, तीही याच रात्रीत, पांढऱ्या साड्यांमध्ये. जत्रेत दरबार भरतो, लोक तक्रारी मांडतात, अधिकारी ऐकतात. कुमरम भीमच्या 1940 च्या लढ्यानंतर निजाम सरकारने हैमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाला या भागात पाठवलं होतं, दरबाराची प्रथा त्याच्या काळातली. बाहेरची माणसं ही जत्रा बघायला येतात, आम्ही ब्लँकेटं विकायला जायचो. विक्री चांगली व्हायची, कारण चांदणंही नसलेल्या त्या रात्री हजारो माणसं उघड्यावर झोपलेली असायची.

त्यांच्यातलीच एक म्हातारी एकदा आमच्या दुकानावर आली. तिने एकच ब्लँकेट घेतलं, तेही सगळ्यात हलकं. मी सवयीने दुसरं पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं आणि मराठीतच विचारलं, “तू खाली काय टाकतीस?” मी सतरंजी आणि गोधडी म्हटलं. ती म्हणाली, “अन् वर?” वर तीन होत्या. तिला हसू आलं. तिने मला आपल्या बिऱ्हाडापाशी नेलं. वडाच्या झाडाखाली गुडघाभर साळीचं तणस अंथरलेलं, त्यावर पोतं, त्यावर एक चादर. तिच्या नाती त्यात बुडून झोपल्या होत्या, पाय उघडे. आपल्या वजनाने खालचं अंथरूण दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि उरतो नुसता कपडा. तणस दबत नाही. त्या रात्री आम्ही एका गाडीवानाकडून तणस घेतलं, गाडीत पसरलं, वरच्या तीनपैकी दोन गोधड्या खाली घेतल्या. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच पहाटे पाय गरम होते.

त्यानंतर मी दुकानावर बोलायला लागले. दुसरं ब्लँकेट मागणाऱ्याला विचारायचं: कुठे झोपता? जमिनीवर? मग हे राहू द्या, खाली आधी कडबा टाका, नाहीतर पोत्यात भुसा भरून घ्या. वजनावर माल जोखू नका. जड म्हणजे गरम नव्हे, हवा धरणारं ते गरम. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटात जुन्या कपड्यांचं पुन्हा पिंजलेलं सूत असतं, ते जड असतं म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. मालकांना हे बोलणं पसंत नव्हतं. “तू दुकान चालवायलीस का शाळा?” असं ते म्हणायचे. एका हिवाळ्यात धंदा थोडा कमी झाला, हे खरं. पुढच्या वर्षी मात्र मांडवीच्या आणि सारखणीच्या तांड्यांवरच्या बायका लग्नाचे आहेर घ्यायला आमच्याकडेच आल्या. हा माझ्या बोलण्याचा परिणाम होता की त्या वर्षीच्या कापसाच्या भावाचा, ते सांगता येणार नाही. मालक कापसाचा म्हणतात.

आता निखाऱ्यांचं सांगायला हवं. जत्रेतल्या प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला हा मोह होतो: संध्याकाळी पेटवलेली शेकोटी विझत आली की घमेल्यात निखारे भरायचे आणि गाडीत घ्यायचे. धूर नाही, ज्योत नाही, नुसता लालबुंद विस्तव, काय होणार? माळेगावला आमच्या शेजारी खेळण्यांच्या दुकानाचा छोटा बंद टेम्पो होता. नवरा, बायको, लहान मुलगा. मध्यरात्री मी लघवीला उठले. बाईमाणसाला जत्रेतल्या थंडीत सगळ्यात कठीण काय असेल तर हेच, ऊबदार अंथरुणातून उठून अंधारात लांब जाणं. म्हणून बायका दुपारपासून पाणी पीत नाहीत आणि वेगळी दुखणी ओढवून घेतात. तर त्या रात्री मी परत येताना टेम्पोतून मुलाच्या ओकण्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. दार ठोठावलं, उत्तर नाही. मालकांना उठवलं, त्यांनी दार ओढून काढलं. आत घमेलं होतं. बाई उठून बसायचा प्रयत्न करत होती आणि बसता येत नव्हतं. नवऱ्याला ओढून बाहेर काढावं लागलं. वाऱ्यावर आणल्यावर हळूहळू तिघंही शुद्धीवर आले, मग यात्रेतल्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस त्यांचं डोकं दुखत होतं.

डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं ते मी तेव्हापासून प्रत्येक जत्रेत सांगते. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन आहे, त्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो, मग प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. झोपलेल्याला तर यातलं काहीच कळत नाही. धूर असता तर माणूस खोकून जागा झाला असता. धूर नाही म्हणूनच तो विस्तव जास्त धोक्याचा. इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्यांचंही तेच. जुन्या गाडीचा सायलेन्सर कुठे फाटलेला आहे आणि फळीला कुठे भोक आहे हे कोण बघतं? आमचा स्टोव्हसुद्धा त्या वर्षानंतर गाडीतून खाली उतरून, उघड्यावरच पेटला.

विस्तव आत नाही म्हणजे ऊब आत न्यायचीच नाही असं नाही. चुलीच्या कडेला दोन विटा तापत ठेवायच्या, झोपताना पोत्यात गुंडाळून पायांशी घ्यायच्या. मध्यरात्र उलटेपर्यंत त्या साथ देतात. नंतर मुलीने रबरी पिशवी आणून दिली. वजनाला वजन लावलं तर पाणी विटेच्या जवळजवळ पाचपट ऊब धरून ठेवतं, त्यामुळे पिशवीत कढत पाणी भरलं की पहाटेपर्यंत कोमट असतं. शिवाय सकाळी तेच पाणी तोंड धुवायला होतं. पिशवी अंथरुणात अर्धा तास आधी ठेवायची, आपण नंतर शिरायचं. आणि जेवण. मालक मराठवाड्याच्या जुन्या माणसांसारखे रात्री हलकं खाणारे. जत्रेत मी ते बंद पाडलं. तिळाची चटणी, शेंगदाणे, गूळ, बाजरीची भाकरी, वर तुपाचा गोळा. अंगाची भट्टी रात्रभर चालायची तर तिच्यात काहीतरी घातलं पाहिजे. पाय थंड पडले तर डोक्याला टोपी घाला, हेही मी गिऱ्हाइकाला सांगते. टोपी पन्नास रुपयांची, ब्लँकेट पाचशेचं. मालक मान हलवतात.

गाडी सकाळी चालू होणं हा वेगळा जाच होता, पण तो पुरुषांचा. बॅटरी गारठली की तिचा जोर कमी होतो, ऑइल घट्ट झालेलं असतं, आणि डिझेलच्या जुन्या इंजिनाला हीटर प्लग लाल होईपर्यंत किल्ली धरून बसावं लागतं. मालक गाडी नेहमी उतारावर लावायचे, म्हणजे धक्का मारून तरी सुरू होते. त्यामुळे आम्ही कायम तिरपे झोपलो. डोकं चढाकडे ठेवायचं, एवढंच.

मॅटाडोर शेवटी भंगारात गेली आणि तिच्या जागी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आली. मुलगा खूश होता, कारण गाडी मोठी, उभं राहता येईल इतकी उंच. मी खिडक्या मोजल्या. ट्रॅव्हलर प्रवासी गाडी. तिच्या दोन्ही बाजूंना काचाच काचा. मॅटाडोरला जेवढा पुठ्ठा लागायचा त्याच्या कितीतरी पट लागला. आणि उंची म्हणजे ऊब वर जाऊन बसणार, आपण खाली गारठणार. पहिल्या केसलापूरला ती गाडी मला बसस्टँडसारखी वाटली. शेवटी मागच्या अर्ध्या भागात कमरेइतक्या उंचीवर फळ्यांचा माळा केला. माल खाली, आम्ही वर, डोक्यावर हातभर जागा, मध्ये घोंगडीचा पडदा. मुलगा म्हणाला, एवढी मोठी गाडी घेऊन तुम्ही पुन्हा मॅटाडोरच केली. केली खरी.

मागच्या दाराचं मात्र मला आजही नीट जमलेलं नाही. बाकी सगळ्या पत्र्याला आतून काहीतरी लावता येतं, पण त्या दारातून दिवसभर माल चढतो-उतरतो. जे काही ठोकावं ते गठ्ठ्यांनी उखडतं. थर्मोकोल लावला, दोन बाजारांत चुरा झाला. रबरी चटई लावली, तिच्यामागे पाणी साचून दाराला आतून गंज धरला. सध्या दाराच्या मापाचं एक पोतं शिवलं आहे, त्यात जुने कपडे भरलेत आणि ते रात्री वरच्या दोन हुकांना अडकवतो. सकाळी त्याची दाराकडची बाजू ओली असते. ते काढून ऊन येईल तसं टपावर टाकायचं, दुपारी उलटं करायचं, संध्याकाळी पुन्हा आत. एवढं रोज करावं लागतं आणि एक दिवस चुकलं की पोतं वास मारतं. गेल्या जत्रेत एका शेजाऱ्याने ते पाहून त्याच्या गाडीसाठी तसंच करून मागितलं. शिवून दिलं, पण त्याला बजावलं की आत कापूस भरू नकोस, आणि विकायचा माल तर मुळीच नाही. जुने नायलॉनचे, टेरिकॉटचे कपडे भर, ते लवकर वाळतात.